कोल्ह्याला बदक कधी मिळायचं नाही

प्रिय अक्का,

आज मला एक फॉर्म भरायचा होता. बारामतीत कानानं न ऐकू येणाऱ्या मुलांची शाळा आहे, तिथं मला मदतनीस बाई म्हणून घेतलंय. फॉर्मवर एक ओळ होती, 'खुणांची भाषा कुठे शिकलात?' त्या ओळीवर माझं पेन अडलं ते अडलंच. शेवटी ती ओळ कोरी ठेवली आणि तुला पत्र लिहायला बसले.

तू गेलीस त्याला दीड वर्ष होत आलं. इतके दिवस का लिहिलं नाही? लाज वाटत होती, अक्का. दुसरं काय!

तुला जोडाक्षरांचा किती कंटाळा! मी तुला वाचायला शिकवायची तेव्हा जोडाक्षर आलं की तू पाटी पालथी घालून सरळ म्हशीकडं निघून जायचीस. जमेल तेवढं सोपं लिहिते. अडलीस तर रागावू नकोस.

तू तीन वर्षांची असताना मोठा ताप आला आणि कान गेले, हे आईनं सांगितलेलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मला कळायला लागलं तेव्हा सगळं शेळगाव तुला 'मुकी' म्हणायचं, आणि घरात तुझ्याशी बोलायला चारच खुणा होत्या. ये, जा, जेव, म्हैस. आबा तर हाक म्हणून तुझ्या पायाशी बारीक खडा टाकायचे. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं, कळप वळवायची सवय हातातून गेलीच नव्हती. तू कसली चिडायचीस! तोच खडा उचलून त्यांच्या मुंडाशावर मारायचीस. आबा हसून म्हणायचे, "नेम चांगला हाय पोरीचा."

शेजारच्या शकूरचाचांकडं टीव्ही आला तेव्हा मी सहावीत होते आणि तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चाचा शिंपी. पुढं दुकान, मागं घर, आणि मधल्या खोलीत कपाटाच्या शटरात तो काळा-पांढरा टीव्ही. लाईट गेली की कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायची. संध्याकाळच्या मालिकेला बायका डोळे पुसत बसायच्या. तू जरा वेळ त्यांच्या ओठांकडं बघायचीस, मग चिंध्यांच्या ढिगावर डोकं टाकून झोपून जायचीस. सगळी बोलतच तर होती त्यात! तुला त्यात काय मिळणार?

आणि मग एका रविवारी सकाळी ते कार्टून लागलं. एक हडकुळा कोल्हा, एक लठ्ठ बदक. कोल्ह्याला बदक खायचंय, एवढीच गोष्ट. दोघांपैकी कुणी अवाक्षर बोलत नव्हतं. कोल्हा पळत पळत कड्याच्या पुढं गेला, हवेत उभा राहिला, आणि त्याला ते ठाऊकच नाही! खोलीत सगळे टक लावून बसलेले. आणि तू एकटी जोरात हसलीस. मग कोल्ह्यानं खाली पाहिलं, पडला, आणि बाकीचे हसले. मी मागं वळून तुझ्याकडं बघतच राहिले. सगळ्यांच्या आधी तुला कळलं होतं!

त्या दिवसापासून रविवार तुझा झाला. पहाटेच म्हशी पिळून, दूध डेअरीला घालून, केस विंचरून तू चाचांच्या उंबऱ्यावर हजर. चाची म्हणायची, "आली बघा आमच्या टीव्हीची मालकीण."

त्यातली एकेक गंमत तू वेचून ठेवलीस आणि प्रत्येकीला खूण केलीस. दोन बोटं तळहातावरून चालत चालत कडेच्या बाहेर जातात आणि थांबतात, म्हणजे हा माणूस हवेत उभा आहे, याला अजून पत्ता नाही. डोक्यावर टेंगूळ येतं, ते दाबलं की दुसरीकडून उगवतं, ही खूण तू आबांच्या विहिरीच्या मोटारीला दिलीस, एक दुरुस्ती केली की दुसरं काही बिघडायचं म्हणून. भिंतीवर रंगवलेलं दार, बदक त्यातून आरपार जातं आणि कोल्हा आपटतो, ती खूण पोस्टातल्या खिडकीची, ओळखीच्यांना उघडी आणि आपण गेलो की बंद म्हणून. आणि सगळ्यात आवडती कुठली? छातीवर काहीतरी जड येऊन पडतं, कोल्हा भाकरीसारखा सपाट होतो, मग अंगठा तोंडात धरून फुंक मारतो आणि टुम्म फुगून पुन्हा उभा! ती तू अंगणात आडवी पडून करून दाखवायचीस. शेवटी गाल फुगवून उठायचीस. ते फुगणं कधी चुकायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं, दर वेळी तेच होतं, तुला कंटाळा येत नाही? तू माझ्याकडं असं बघितलंस जशी मी खुळीच आहे. तेच होणार हे ठाऊक असतं, पण या वेळी कसं होणार ते बघायचं असतं. हे तू मला हातांनी केवढं भरभर सांगितलंस!

मला बघायला आलेले ते पाहुणे आठवतात? माझी बारावी झालेली. मुलाचा मामा लोडाला टेकून, तोंडाकडं बोट नेऊन नाही-नाही असा हात हलवत आबांना सांगत होता, "पोरगा एकदम निर्व्यसनी हाय. सुपारीचं खांडसुदीक तोंडात टाकत न्हाय." आणि मुलाचा गाल तंबाखूनं टरारलेला! त्याला नाव विचारलं तर बिचाऱ्याला तोंड उघडता येईना. दाराआडून तू दोन बोटं तळहातावरून चालवलीस आणि थांबवलीस. मामा हवेत! मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि अशी फिस्सकन हसले की दोन बशा खाली गेल्या.

पाहुणे पोहे न खाता उठले. आई तीन दिवस आपल्या दोघींशी बोलली नाही. चौथ्या दिवशी आबा म्हणाले, "जाऊ दे. शिकू दे तिला आनखी." अक्का, मी मास्तरीण व्हायला बारामतीला गेले ते तुझ्या दोन बोटांमुळं. हे तुला कधी सांगितलं का मी? नाही सांगितलं.

मी वसतिगृहात राहायला गेले आणि तू घरात परत चार खुणांवर आलीस. ये, जा, जेव, म्हैस. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही! दर शनिवारी दुपारच्या एसटीनं मी यायची, तू फाट्यावर उभी असायचीस, आणि फाट्यापासून घरापर्यंत तुझे हात थांबायचे नाहीत. आठवडाभराचं साठलेलं. मी म्हणायची, जरा हळू, पिशवी धरू की तुझे हात बघू?

आणि मग तो बुधवार. चाची अस्तराचं कापड घ्यायला बारामतीला आली होती. आईनं दिलेला डबा घेऊन वसतिगृहावर आली आणि ओट्यावर बसून पाणी पिता पिता म्हणाली, "तुझी अक्का लई नकला करायला लागलीय गं. छातीवर कायतरी जड पडलं असं दावती आन् अंगणात सपाट पडती. दिसातनं दोन-तीन येळा. आमी हसून हसून दमलो. तुझी आई म्हणती, मंगलची आठवण आलीय तिला. शनिवारी येतीस न्हवं?"

मीही हसले, अक्का. खोलीतल्या मैत्रिणींना बोलावून तुझी ती गंमत करून दाखवली. आणि चाचीला म्हणाले, "या शनिवारी न्हाय जमायचं. स्नेहसंमेलन हाय आमचं. पुढच्या शनिवारी येते म्हणावं."

एक प्रश्न विचारायचा होता मला. एकच. 'चाची, सपाट पडल्यावर ती गाल फुगवून उठते का?' एवढं विचारलं असतं तर तिथूनच तिच्याबरोबर आले असते! तुझी भाषा येणारी जगात मी एकटी होते, आणि मला ते विचारायचं सुचलं नाही.

त्या शनिवारी तू फाट्यावर दोन एसट्या जाईपर्यंत उभी होतीस, हे मला आबांनी नंतर सांगितलं. धापा टाकत घरी आलीस म्हणे.

पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा फाट्यावर कुणी नव्हतं. तू ओसरीवर खाटेला टेकून बसली होतीस, पाय सुजलेले. आई म्हणाली, "चार दिस झालं, नीट जेवत न्हाय. डाक्टरनं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्यात." मला बघितल्यावर तू हात वर केलेस. जड काहीतरी छातीवर पडलं. सपाट. मग अंगठा तोंडापर्यंत नेलास, आणि नुसती मान हलवलीस. नाही. फुगत नाही.

माझ्या हातातली पिशवी तिथंच पडली.

चाचांनी जीप ठरवली. तासाभरात आपण बारामतीच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर मला विचारत होते, मी तुला विचारत होते, तू सांगत होतीस. कधीपासून? दिवाळीच्या आधीपासून. झोपल्यावर जास्त की बसल्यावर? झोपल्यावर. सगळं तुला सांगता येत होतं! विचारणारं कुणी नव्हतं एवढंच. डॉक्टर म्हणाले, लहानपणी ताप येऊन सांधे दुखले असतील, त्यात हृदयाची झडप खराब झाली असणार, आता फार ताण आलाय. मी विचारलं, "आठ दिवस आधी आणली असती तर?" ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, तसं आता सांगता येणार नाही." ते 'सांगता येणार नाही' मी अजून घेऊन फिरते.

रविवारी सकाळी तुला जरा बरं वाटलं. नळी लावलेल्या हातानं तू मला विचारलंस, गेल्या रविवारी मी चाचांकडं गेले नाही, कोल्ह्याचं काय झालं? मी तरी कुठं बघितलं होतं! पण मी खोटंच सांगितलं. कोल्हा दमून बसला. बदकाला त्याची दया आली. बदकानं त्याला घरी नेलं, दोघं एका ताटात जेवले, आणि कोल्हा गाढ झोपी गेला. मला वाटलं तुला बरं वाटेल.

तुझ्या कपाळाला आठी पडली. तू बोट हलवलंस. खोटं. तो कधीच जेवत नाही. तो जेवला तर पुढच्या रविवारी पळणार कोण? मी रडत होते आणि तू माझी चूक दुरुस्त करत होतीस. मग तू मला परत सांगायला लावलंस, नीट. मी सांगितलं. कोल्ह्यानं ताट वाढून घेतलं, हात धुवायला गेला, परत येतो तर बदक ताटासकट पसार, आणि कोल्हा निघाला मागं. तेव्हा कुठं तू हसलीस. दम लागला तरी हसलीस.

सोमवारी दुपारी तू गेलीस. आई तुझ्या उशाशी होती, आबा खिडकीपाशी, आणि तुझा हात माझ्या हातात होता.

आता जे लिहिते ते सगळ्यात अवघड आहे. दिवसकार्य झाल्यावर आई चुलीपुढं बसून म्हणाली, "माझ्या पोटची पोर आन् मलाच तिचं बोलनं कळंना. ती मरन सांगत होती आन् मी हसत होते." मी तिची समजूत घालत राहिले. पण मला काय आठवत होतं ठाऊक आहे? मी नववीत असताना आईनं एकदा विचारलं होतं, "ती बोटं चालवून तुला काय सांगती गं? मला बी सांग की." आणि मी म्हणाले होते, "काय न्हाय, आमचं हाय ते." तुझी भाषा एकटीपुरती असावी असं मला वाटायचं, अक्का. मिरवायची मी. शाळेत पहिला नंबर आल्यासारखी मिरवायची!

तुझाही राग येतो कधी कधी. तू तरी आईला का नाही शिकवलंस? तिचा हात धरून, तिच्या डोळ्यापुढं नाचवून? पण तुला काय गरज वाटणार, मी होते ना! मी आहे असं तुला वाटत राहिलं.

हे सगळं मी महिन्यापूर्वी आईला सांगून टाकलं. मला वाटलं, आता हात उगारेल. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मग आता तरी शिकीव." मी घरूनच ये-जा करते, त्यामुळं ती रोज भाकरी झाल्या की शिकते. बोटं जड आहेत तिची, चुकते, चिडते. आबा दारातून बघतात आणि कुणी बघत नाही असं वाटलं की स्वतः करून बघतात.

या शाळेत आठवड्याच्या शेवटी आई-बाप मुलांना न्यायला येतात. कोऱ्हाळ्याचे, वडगावचे, इंदापूरकडचे. मुलाचा हात धरून मुकाट्यानं एसटीकडं निघतात. परवा एका बाईला मी विचारलं, तुमच्या मुलीच्या किती खुणा येतात तुम्हाला? ती म्हणाली, "ये, जेव, झोप."

अक्का, तुला वचन देते. त्यांतल्या कुणालाही मी तसं मुकाट्यानं जाऊ देणार नाही. एसटी चुकली तर दुसरी मिळते. आधी सगळ्यांना वर्गात बसवणार, त्यांचीच मुलं फळ्यापुढं उभी करणार आणि आई-बापांना शिकवायला लावणार. दुखतं कसं सांगायचं, भीती वाटते कसं सांगायचं, आणि थट्टा कशी करायची तेही. येत्या शनिवारी पहिला वर्ग आहे. आई म्हणाली, ती माझ्याबरोबर सकाळच्या गाडीनं येणार आणि त्या बायांच्या शेजारी पहिल्या बाकावर बसणार.

तुझी,
मंगल