सातव्या गाण्यातले ठोके

प्रिय भुंगे,

पार्सल मिळालं त्याला आज अकरा दिवस झाले. सीडी, ती वाजवायचा छोटा प्लेअर, कानात घालायची बोंडं आणि तुझी दोन ओळींची चिठ्ठी. ‘सातवं गाणं एकटीने ऐक. मग मी घरी यायचं की नाही, ते कळव.’ दोन वर्षांत तुझं एवढंच अक्षर या घरात आलं. उत्तराला उशीर झाला, कारण मी पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. मधलंच पान उघडण्यात आयुष्य गेलं, आता नको वाटतं.

तुझा पहिला अल्बम मला आवडला नव्हता. सगळी उड्या मारायची गाणी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लाडात आल्यासारखा तुझा आवाज. या वेळी आवाज बसका लागलाय, सोबत गिटार आणि कसलंसं ठोकणं. खालची शिंपीण पेपर घेऊन वर आली होती. गायिकेने चमचमाट सोडून लोकगीतांची वाट धरली, तिच्या गळ्याला मातीचा वास आहे, असं त्यात छापलं होतं. मी म्हटलं, कसली माती, ही तिसऱ्या मजल्यावर वाढली, कुंडीतलं रोप कधी जगवलं नाही हिने. शिंपीण म्हणाली, काकू, तुमच्या तोंडून पोरीचं कौतुक ऐकायला मला पुढचा जन्म घ्यावा लागणार. आम्ही दोघी हसलो. तेव्हा मी तिसऱ्या गाण्यापर्यंतच पोचले होते.

दुसरं गाणं माझं आहे. वेष्टनावर त्याखाली तू ‘पारंपरिक’ असं लिहिलंस. परंपरा म्हणजे मी एकटी. बाइंडिंगच्या कारखान्यात दुपारी डुलकी लागून सुई बोटात घुसू नये म्हणून मीच ते रचत गेले. असो. चोरी घरातल्या घरातच झाली.

त्या कारखान्याबद्दल तू मुलाखतीत काहीबाही सांगतेस, म्हणून नीट सांगते. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. तो मधोमध शिवायचं माझं काम. शाळा मी दुसरीत सोडली होती. वाचायला शिकले ते या फर्म्यांवर, जेवणाच्या सुट्टीत, बोट ठेवून. डागाळलेले फर्मे मालक घरी नेऊ द्यायचे, पण पुस्तक कधी सलग मिळायचं नाही. कुणाचं लग्न वाचलं तर मरण नाही, खून वाचला तर खुनी नाही. तुझे बाबा चिडवायचे, की तुझी आई जगातली सगळी पुस्तकं मधूनच ओळखते.

बाबांची फुप्फुसं वेल्डिंगच्या धुराने गेली. पलंगाचा कठडा त्यांनी धडधाकट असताना स्वतःच पाइप वाकवून केला होता. आवाज गेल्यावर तोच त्यांचा आवाज झाला. अंगठीने एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे उशी, तीन म्हणजे नुसतंच ये. अंगठी सैल पडली म्हणून मी तिला आतून शिवणीचा दोरा गुंडाळला होता. हात दमला की त्याची गाठ पाइपला लागायची. त्यामुळे पहिले दोन ठोके खणखणीत यायचे आणि तिसरा दबका. दीड वर्ष मी त्या ठोक्यांवर उठले. तीन ठोके पडले म्हणून धावत जावं, तर हे भुवया उडवून विचारायचे, पुढे काय झालं? मी वाचत असलेल्या कादंबरीत. तिचे सतरा फर्मे एकेक करून घरी आले होते, मी रोज थोडं वाचून त्यांना सांगत होते. अठरावा, शेवटचा, काही केल्या मिळत नव्हता. कधीकधी ते दिवसातून वीसदा तीन ठोके वाजवायचे आणि माझ्या मनात यायचं, हा हात आता गळून पडेल तर बरं. हे मी मनात म्हणाले आहे. एकदा नाही.

सातवं गाणं मी गेल्या मंगळवारी ऐकलं. पहिले दोन खणखणीत, तिसरा दबका. तुझा आवाज सुरू व्हायच्या आधीच मला कळलं. मुलाखतवाल्याने तुला विचारलं, हा ताल कुठल्या वाद्याचा, तर तू म्हणालीस, आमच्या घरात एक जुनं वाद्य आहे. छान सांगितलंस. बापाचा श्वास गाण्यात हवा, असं तू म्हणायचीस; त्यासाठी शेवटच्या दुपारी काडेपेटीएवढा रेकॉर्डर त्यांच्या खिडकीत चालू ठेवून तू स्टुडिओत निघून गेली होतीस, हे मला आता कळतंय. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी मुलगी औषध ठेवते, पाणी ठेवते. तू यंत्र ठेवलंस.

पण ते यंत्र खोटं बोललं नाही. मी बोलले. झोपेतच गेले, हूं की चूं केलं नाही, असं मी तुला ते गेले त्या संध्याकाळी सांगितलं. आठवडाभरात तू बॅग भरून गेलीस. मला वाटलं, दुःखाने गेली.

त्या दुपारी मालकांनी अठरावा फर्मा माझ्या हातात ठेवला. शाई फासलेला होता, पण वाचता येत होता. घरी आले, बाबांकडे डोकावले, डोळे मिटलेले होते. तू निघालीस, आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून फर्मा उघडला. पाचव्या पानावर तीन ठोके आले. मी ऐकले. पान उलटलं. त्यांना शेवट तयार ठेवून सांगावा म्हणून वाचत राहिले, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. खरं हे, की तो शेवट मला आधी एकटीला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक माझ्या हातात संपत होतं आणि मला कुणी उठवायला नको होतं. शेवट चांगला होता. तुझ्याशी आता आणखी खोटं कशाला बोलू.

शिंपिणीने तुझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला. तू हात वर करतेस आणि हजारो माणसं एकदम तीन टाळ्या वाजवतात, थांबतात, पुन्हा तीन. तिच्याकडच्या मुलीही आता कात्रीने टेबलावर तेच वाजवतात. खालून आवाज आला की मी हातातलं टाकून उठते. कालच दूध उतू गेलं. मला शिक्षा करायची होती, तर ती तू उत्तम बसवलीस, भुंगे. चाल लक्षात राहते.

क्षमा बाबांची मागायची, आणि ते दार लागलं. तुझ्याकडे एक काम आहे, त्यासाठीच हे पत्र. गाण्यात तू तेच ठोके जोडून चार मिनिटं फिरवलेस, त्यामुळे खरे किती होते ते कळत नाही. त्या दुपारी मी ते तीन वेळा ऐकले. तिसऱ्यांदा माझं दीड पान उरलं होतं. त्यानंतर ते थांबले, की मीच ऐकायची थांबले, हे मला ठाऊक नाही. तुझ्या यंत्राला ठाऊक आहे. घरी ये आणि ते मूळ रेकॉर्डिंग घेऊन ये, काटछाट न केलेलं. मी ऐकत असताना माझ्या तोंडाकडे बघ, तेवढा तुझा हक्क आहे. आणि यायचं नसेल, तर नुसता आकडा लिहून पाठव. माझ्यासाठी कमी करू नकोस.

तुझीच,
ठोके ऐकलेली आई