चंदर तांडेल प्यायलेला नव्हता

मी, दयाराम काळूराम घरत, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार मौजे नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. पाय थकले आहेत, डोके शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, पण रागाने लिहीत आहे. राग दीड वर्ष जुना आहे, तेव्हा तो विचारपूर्वकच समजावा.

१. घर व मागची नारळाची वाडी माझी विधवा बहीण सोनाबाई हिला. आजारपणात तिनेच माझे केले.

२. पुतण्या रतन, ज्याला मी शिकवून मुंबईत प्राध्यापक होण्याइतका मोठा केला, त्याला यातले काही नाही. कारण नोंदवतो. किनाऱ्यावरच्या हकिकती मी वीस वर्षे वह्यांत उतरवल्या. १९४९ साली चंदर तांडेल चालवत असलेला मचवा बुडाला, चंदरही गेला. त्या बुडण्याच्या दोन हकिकती वहीत होत्या. मचव्याचा मालक म्हणाला, तांडेल प्यायला होता. मालक त्या दिवशी पालीला देवदर्शनाला गेला होता, हेही मी समासात लिहिले होते. चंदरची बायको राही हिने किनाऱ्यावरून डोलकाठी मोडताना पाहिली. ती काठी आधीच तडकलेली होती. चंदरने सांगूनही मालकाने बदलली नव्हती. रतनने वही नेली आणि गेल्या वर्षी पुस्तकात मालकाचे तेवढे छापले, 'हे सर्वश्रुत आहे' म्हणून. ना मालकाचे नाव, ना राहीचे, ना माझे.

जाब विचारला तर म्हणाला, "काका, कोण बोललं याच्याशी वाचकाला काय करायचंय?"

३. त्या पुस्तकाची माझी प्रत, लाल शाईच्या दुरुस्त्यांसह, रतनला द्यावी.

४. वह्या अलिबागच्या वाचनालयास. उतरवून घेणाऱ्याने सांगणाऱ्याचे नाव, त्याने पाहिले की ऐकले, आणि वहीचे पान छापावे. जमत नसेल तर वही उघडू नये.

५. माझाही दोष लिहितो. वहीत मालकाचे नाव 'श्रीयुत' लावून पुरते लिहिले आणि राहीला नुसते 'एक कोळीण' म्हटले. काल तिच्याकडे जाऊन सांगितले, "राही, तुझं नाव आता घातलंय."

सुकत घातलेली मासळी परतता परतता ती म्हणाली, "आता काय करू नावाचा, मास्तर? बाप दारुडा म्हनून छापलाय, तां वाचून केसरचा लगीन मोडला."

केसर तिची मुलगी. दारात जाळे विणत बसली होती. मी निघालो तेव्हा तिने मान वर केली नाही.

यापुढे दुरुस्ती करण्यासारखे माझ्या हाती काही उरलेले नाही. दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही केली, माझ्यादेखत त्यांनी.

साक्षीदार :
१. सदा धर्मा पाटील, नागाव
२. कान्हा लक्ष्मण थळे, नागाव

(सही) दयाराम काळूराम घरत
मुक्काम नागाव, १२ नोव्हेंबर १९६१