तळाची बरकत

३ फेब्रुवारी २०२५, नांदेड
आज रुजू झाले. शिरूर अनंतपाळची अंजू आता खासगी दवाखान्याच्या नवजात कक्षात संसर्ग रोखणारी परिचारिका! आईने फोनवर पदाचं नाव दोनदा विचारलं आणि तरी शेजारणीला चुकीचंच सांगितलं. बाळांना ऊब देणारे सहा वॉर्मर, सगळे लख्ख. वासही फिनाईलचा नाही, पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर. म्हटलं, इथे आपल्याला काम काय उरलंय?

५ फेब्रुवारी
पुसायला कंधारच्या कस्तुराबाई मावशी आहेत. बारा वर्षं झाली त्यांना. जंतुनाशकाचा कॅन त्या कधीच पुरता रिकामा करत नाहीत. तळाशी चार बोटं जुनं ठेवून त्यावर नवं ओततात. विचारलं तर म्हणाल्या, "पार उपडं न्हाई करायचं शिस्टर. बरकत जाती." हसू आलं. आमची आईही पिठाच्या डब्याचा तळ दिसू देत नाही. कॅन रिकामा करून, धुऊन, वाळवूनच भरायचा, हे मला पाठ आहे. पण आल्या आल्या कुठे शहाणपणा शिकवायचा? राहू दिलं.

११ फेब्रुवारी
तिसऱ्या वॉर्मरवरचं बिलोलीचं बाळ गेलं. आधी दूध सोडलं, मग अंग गार पडलं. दवाखान्याचे मालक डॉक्टर राजशेखर सर म्हणाले, वजनच कमी होतं. मी सगळ्या वॉर्मरचे नमुने तपासायला दिले आणि दिवसातून तीनदा पुसायला लावलं. स्वतः उभी राहून.

१५ फेब्रुवारी
सहाही वॉर्मरवर एकच जंतू. सरांनी अहवाल खणात टाकला. नातेवाइकांच्या कानावर जाता कामा नये, म्हणाले, आणि तीनदाऐवजी पाचदा पुसा. त्यांना बाळांपेक्षा दवाखान्याची पाटी प्यारी. इतकं पुसून हा जंतू येतो कुठून, तेच कळत नाही.

१८ फेब्रुवारी
माझ्या थोरल्या बहिणीला, दामिनीताईला, आठव्या महिन्यातच कळा आल्या. तिला लातूरला जायचं होतं. "मी आहे ना" म्हणत मीच हट्टाने इथे आणली. मुलगी झाली, दीड किलोची. चौथ्या वॉर्मरवर ठेवलीय. आई कपाळाला विभूती लावायला आली, तिला मी दारातच अडवलं. राखेत जंतू असतात म्हटलं. ती चिमूट मुठीत घेऊन परत गेली. वॉर्मर मी माझ्या हाताने पुसला. दोनदा.

२१ फेब्रुवारी
भाचीने आज दूध अर्धंच घेतलं. धावत प्रयोगशाळेत गेले. तिथल्या अमरनाथने जंतू वाढवलेल्या तबकडीचं झाकण उचललं. द्राक्षं. तोच वास. पहिल्या दिवशीचा.

२१ फेब्रुवारी, दुपार
कॅन उपडा केला. तळाला हिरवट, बुळबुळीत थर. जंतू औषधातच वाढत होते. आणि आम्ही तेच पाचदा — प्रत्येक वॉर्मरला —
मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "तुमी तर बघितलं व्हतं शिस्टर. काहीच म्हनला न्हाईत."
खरं आहे. काहीच म्हटलं नाही.
जुनी नोंदवही काढली. दर महिन्याला एक बाळ गेलेलं, कधी दोन. सगळ्यांपुढे एकच कारण — वजन कमी.

२२ फेब्रुवारी
दूध सोडलं.
सर म्हणतात नवा कॅन आणलाय, आता गप्प बस. ताई विचारते, तू आहेस ना. काय सांगू तिला —

२२ फेब्रुवारी, चार वाजता
अंग गार. वॉर्मर नव्या औषधाने पुसला. आईला आत बोलावलं, म्हटलं, लाव विभूती. हात धुतले, बाळाला उचलून छातीशी धरलं —
वास. गोड. वॉर्मरला नाही. माझ्या हातांना —
हात धुवायची बाटली. ती बाटली मावशी कुठल्या कॅनमधून भरतात, मी कधी विचारलंच —