लाल नळीतले पट्टे

१२ नोव्हेंबर
पुन्हा तेच! मांडव्याच्या हॉटेलवर आम्ही बनवलेली माशाच्या आकाराची पाटी लावली, बटण दाबलं – आणि निऑनच्या नळीत सलग उजेडाऐवजी पट्टे. लाल, काळा, लाल, काळा. मालक चारचौघांत म्हणाले, "गॅसमध्ये भेसळ आहे तुमच्या." मान खाली घातली. काच मी वाकवते. हवा काढून गॅस भरतो चंदर. सख्खा भाऊ असला म्हणून काय?

१३ नोव्हेंबर
विचारलं. "ताय, गॅस चांगला हाय," एवढंच. नजर वळवली. गॅस भरायच्या खोलीला आतून कडी का लावतो हल्ली? मला आत पाऊल टाकू देत नाही!

१५ नोव्हेंबर
आज परत बोटीने मुंबईला. या महिन्यात तिसऱ्यांदा. "काम व्हतं." कसलं? त्याच्या बायकोला, मैत्रीला विचारलं तर ती भांडी घासत राहिली. चांगला गॅस बाहेर विकतोय. नक्की.

१६ नोव्हेंबर
बोलले. सगळं बोलले. "चोर आहेस तू!" चंदरने वर्कशॉपची चावी टेबलावर ठेवली आणि गेला. उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

१८ नोव्हेंबर
रुचिका होस्टेलवरून आली. पोरगी फिजिक्स शिकते. परत आणलेली पाटी लावून दाखवली, तर हसली. "आई, इलेक्ट्रॉन धावत सुटतो, जोर धरतो, निऑनच्या अणूला धडकतो – तिथे उजेड. धडकेत जोर संपला की अंधार. पुन्हा धाव, पुन्हा धडक. म्हणून पट्टे."
"म्हणजे भेसळच ना?"
"शुद्ध गॅसमध्येही होतात. वीज कशी मिळते त्यावरही असतं. ट्रान्सफॉर्मर बदलून बघ."
नवा, हलका ट्रान्सफॉर्मर काढला – मीच आणलेला, हौसेने! बाबांच्या वेळचा जड जोडला. पट्टे गेले. अख्खा मासा तोंडापासून शेपटीपर्यंत लालभडक.
रुचिका टाळ्या वाजवत होती. मला तिच्याकडे बघवेना.

१९ नोव्हेंबर
थळला चंदरच्या घरी गेले, माफी मागायला. मैत्रीने मुंबईच्या हॉस्पिटलचे कागद पुढे ठेवले. निळ्या नळ्यांत पारा घालतो आम्ही. त्याची वाफ भिनलीय चंदरच्या अंगात; हातांवरचा ताबा सुटत चाललाय. "तुमच्या नाकात जाऊ नये म्हणून हे कडी लावायचे, ताई," मैत्री म्हणाली.
आत चंदर चहा पीत होता. कप दोन्ही हातांनी धरून.