भिंत जाड करण्यापूर्वी

बारांकिया, रविवार

प्रिय एलिएसेर,

तुझे पत्र आणि आराखडा मिळाला. अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून आवाज अडत नाही, वजनदार फळ्या हव्यात, मागे पोकळी हवी, दाराखालची फट आधी बुजवायला हवी, हे मी तीनदा वाचले. चाळीस वर्षे लॅटिन शिकवलेल्या हातांना हातोडी पेलेल का, ही तुझी शंका रास्त आहे. गवंडी बोलावला असता; पण गवंडी दिसला की गल्ली चौकशी करणार, आणि ती मला नको होती.

समोरच्या नोलबेर्तोचा पिको, रस्त्यावर मांडलेला तो गाण्यांचा अजस्र भोंग्यांचा संच, तुला ठाऊक आहे. आता त्याने कपाटाएवढे आणखी एक खोके जोडून त्यावर वाघ रंगवला आहे. शनिवारी दुपारी त्याची गाणी सुरू झाली की तुझ्या आईच्या खाटेजवळचा पेला थरथरतो. औषधानंतर तिला जेमतेम तासभर डोळा लागतो, आणि नेमका तोच तास मोडतो. नोलबेर्तो दुष्ट नाही. परवा दारात अडवून म्हणाला, "प्रोफेसर, त्रास होत असेल तर सरळ सांगा. मी काही बायबलातला फारो नाही, ऐकायला दहा पीडा धाडायची गरज नाही." मी म्हणालो, "छे, आम्हाला कसला त्रास." उशाशी धर्मग्रंथ ठेवणाऱ्या माणसाने इतके सहज खोटे बोलावे.

आपल्या गल्लीची रीत तू विसरला नसशील. ज्या घरात कोणी शेवटच्या वाटेला लागले असेल, त्या घरासमोर पिको वाजत नाही. एकाने ऐकले की सारे बंद. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी मुके बसले, तशीच ही करुणा. मी तोंड उघडले असते, तर ती करुणा आईच्या कानी गेली असती. म्हणून कुणाला न कळता, स्वतःच भिंत जाड करायचे ठरवले.

काल प्रयोग केला. खिडकी लावून तिला जुनी गादी टेकवली, दाराखाली घोंगडी कोंबली. आवाज खरोखर उतरला. समाधानाने वळलो, तो आई उठून बसलेली, चेहरा पांढराफटक.

"आबेलार्दो, रस्ता का गप्प झाला? कुणाला काय सांगितलंस तू?"

"कुणालाही नाही, ओतिलिया. गादी लावलीय मी."

"काढ बघू."

काढली. ढोल आत आला. बराच वेळ कान देऊन ती म्हणाली, "मेल्याचा डावा भोंगा फाटलाय. सांगा कुणीतरी त्याला." आणि त्या गदारोळात ती दोन तास झोपली.

तेव्हा फळ्या पाठवू नकोस. मागच्या तिन्ही पत्रांत मी तुला आईला नुसता अशक्तपणा आहे असे लिहिले, ते खरे नव्हते. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडली आहे. आता ते आठवडे म्हणतात. मी तिला सांगितलेले नाही, तिनेही विचारलेले नाही. तू अचानक आलास तर ती ओळखेल, या भीतीने तुला दूर ठेवले. ते माझे पाप. ती दर शनिवारी कशाचा कानोसा घेत असते, ते मला काल कळले. एक दिवस मला नोलबेर्तोच्या दारी जाऊन खरे सांगावेच लागेल. त्याआधी, रस्ता वाजतो आहे तोवर, ये.

तुझाच,
बाबा