उंटाचे मागचे पाय

९ फेब्रुवारी, सोमवार, रात्री १२.३०
आजपासून नवीन सुरुवात. सहाला उठणे, थोडा व्यायाम, नऊचं लेक्चर, संध्याकाळी लायब्ररी. बास. एक सत्र तर काढायचंय परदेशात, त्यात काय एवढं.

सकाळी ११.४०
गजर वाजला नाही. किंवा वाजला असेल, पण मनापासून नाही.
नऊच्या लेक्चरचं तसं वाईट वाटत नाही. त्या सरांची शिकवायची पद्धत मला पटत नाही. (कशी आहे ते एकदा जाऊन बघायला हवं.)
खोली मात्र उत्तम मिळाली आहे. खिडकीबाहेर बाग असावी. दिवसभर पानांची सळसळ ऐकू येते. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून पडदे लावूनच ठेवते.

संध्याकाळ
विभागातल्या समन्वयक बाईंचा फोन. १८ तारखेला सकाळी दहाला समक्ष या, नाही आलात तर एक्सचेंजमधून नाव कमी होईल आणि घरी परत जावं लागेल. आवाज अगदी गोड. आपल्याकडे असं सांगताना माणूस निदान दोनदा खोकतो तरी.
१८ ला भरपूर वेळ आहे. जाईनच.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मावशीचा फोन. मावशी म्हणजे मिठूची आई. रक्ताची नाही, पण आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि तीही पातळ.
मिठू शिकायला याच देशात आली आहे, पण दुसऱ्या गावात. मावशी म्हणाली, अगं, तिच्याकडे ते कार्निव्हल का काय ते आहे ना, सगळ्यांना सुट्टी, आणि ही एकटी. जा की चार दिवस. मागून माझी आई काहीतरी बोलत होती. मावशी तिला म्हणाली, तू गप गं. बहुधा त्यांचं आपापसातलं काहीतरी असेल.
बिचारी मिठू. एकटी! लहानपणी मिठूसारखी अखंड बडबड करायची म्हणून नाव पडलं, आणि आता बोलायला कोणी नाही. मला शाळेपासून सगळे काकू म्हणतात, कारण दुसऱ्याला सांभाळून घेण्याचा गुण माझ्यात उपजत आहे. तो परदेशात आल्यापासून वापरलाच नव्हता.
ठरलं. गुरुवारी निघायचं. सतराला परत. अठराला बाई.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
पोचले. गाडीत बसायला जागा होती, पण दाराजवळ उभी राहिले. माणसांच्या मधोमध बसण्यापेक्षा हवा बरी.
मिठूची अवस्था बघवेना. खोलीत चार कुंड्या. भिंतीवर फोटो, त्यात अनोळखी माणसांच्या गळ्यात हात टाकून ही हसतेय. पडदे सताड उघडे. एकटेपणा लपवायला माणूस काय काय करतं.
मला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. किती आसुसलेली होती! काकू, तू बारीक झालीस, म्हणाली. मी म्हटलं, इथल्या हवेनं. ती म्हणाली, हवेनं, का नुसत्या बिस्किटांनी?
गरम जेवण केलं होतं. तिचं मन राखायला तीनदा वाढून घेतलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मिठू सहाला उठते. झोप उडाली आहे बिचारीची. मी साडेबाराला उठले, प्रवासाचा शीण.
उद्यापासून तिला वेळापत्रक आखून देणार.

दुपार
खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण बाईंशी ओळख. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, बोटं अजून सुईसारखी. रविवारच्या मिरवणुकीसाठी त्यांच्या घरात एक उंट आहे. म्हणजे कापडाचा, दोन माणसांनी आत शिरायचा. पुढे मान आणि पुढचे पाय, मागे मदार आणि मागचे पाय. मागचे पाय म्हणजे इतकी वर्षं त्यांचे यजमान. यंदा यजमानांचे गुडघे गेले.
बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मिठूला काहीतरी म्हणाल्या. मिठूने भाषांतर केलं, पाय चांगले आहेत म्हणतात.
मी स्थापत्य शिकते हे मिठूने सांगितलं असणार. कोणत्याही चतुष्पादाचा खरा भार मागे असतो. पुढचा नुसता दिसायला. म्हणून जबाबदारीचं काम माझ्याकडे आलं. नाही कसं म्हणणार?

१४ फेब्रुवारी, शनिवार
तालीम, जिन्याखालच्या बोळात.
मागच्याने कमरेत वाकायचं, पुढच्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा. दिसत काही नाही. पुढची पट्ट्याशी हात नेऊन मागचीच्या बोटांवर टिचकी मारते. एक टिचकी, थांब. दोन, चल. मालकीण बाईंचा एकच नियम, मागच्या पायांनी स्वतःचं डोकं चालवायचं नाही.
मी थोडं चालवलं. वळणावर मिठू डावीकडे गेली, मी उजवीकडे. उंट मधोमध उसवला. बाई तोंडात टाचण्या धरून बरंच काही बोलल्या. मिठूने भाषांतर केलं नाही, नुसती भिंतीला टेकून हसत सुटली. म्हणाली, काकू, अगं तू चौथीत लेझीम बसवलं होतंस ना, तेव्हाही असंच पूर्ण पथक पाणवठ्यावर नेलंस.
निदान माझ्यामुळे हसली. मावशीला कळवायला हवं.

रात्री जेवताना तिने विचारलं, बुधवारी बाईंना भेटायचंय ना? हिला कुणी सांगितलं? मीच बोलले असेन. मी कुंड्यांना पाणी किती घालतेस ते विचारलं. तिने चारही कुंड्यांचं सांगितलं, मग पुन्हा म्हणाली, बुधवारी दहाला ना?

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
आज मिठूला गर्दीत सांभाळायचं. तिला सवय नाही.

संध्याकाळ
लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.
आतून फक्त रस्ता दिसतो. रस्ता आणि मिठूचे बूट. सुरुवातीला फार बरं वाटलं. कुणी आपल्याला बघत नाही आणि तरी आपण बाहेर आहोत. असं असेल तर मी रोज बाहेर जाईन, असं मनात आलं.
मग मोठ्या रस्त्याला लागलो. ढोल अगदी कानाशी. दोन्ही बाजूंनी पायच पाय, रंगवलेले, चमकणारे, झालरींचे. कापड तोंडाला चिकटायला लागलं. छातीत काहीतरी वर वर चढत गेलं आणि खाली येईना. मिठूच्या दोन टिचक्या पडल्या, चल. पुन्हा दोन. माझे पाय हलेनात.
मी बसले.
उंट मागून बसला. लोकांना वाटलं, ठरवूनच. टाळ्या, शिट्ट्या.
मिठूने ओढलं नाही. मान सोडून दिली आणि आतल्या आत वळून माझ्यासमोर फतकल मारली. उंटाच्या पोटात आम्ही दोघी, डिंकाचा वास, गुडघ्याला गुडघे. म्हणाली, आधी श्वास सोड. घेऊ नकोस, सोड. मग म्हणाली, काकू, खोलीबाहेर पडतेस का गं तू?
मी म्हटलं, पडते की. कचरा टाकायला.
ती हसली नाही. नेमकं तेव्हाच हसायला हवं होतं तिने.
मी म्हटलं, हे बघ, मावशीला तुझी काळजी वाटते म्हणून मी आलेय. ती म्हणाली, येडे, माझ्या आईला माझी कशाला काळजी? तुझी आहे. तू सगळं छान म्हणतेस आणि व्हिडिओत मागे भरदिवसा पडदे ओढलेले. तुझी आई रोज भिंत ठोकून माझ्या आईला बोलावते आणि स्वयंपाकघरात बसून रडते. तुझ्या त्या बाईंनी आधी घरी फोन लावला होता. मग दोघींनी मिळून ठरवलं, तुला माझ्याकडे धाडायचं. ये म्हटलं असतं तर आली असतीस का?
नसते आले.
म्हणजे दोघींना माहीत, मिठूला माहीत, मालकीण बाईंना माहीत. उंट सोडून सगळ्यांना माहीत.
मिठू म्हणाली, यजमानांचे गुडघे मात्र खरंच गेलेत हं.
बाहेरून कोणीतरी उंटाला उठवायला पाठ थोपटत होतं. ती पाठ माझी होती. जो कोण होता तो बराच वेळ थोपटत राहिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
काल जे झालं ते हवा कमी पडल्यामुळे. कापड फार जाड होतं. मालकीण बाईंना सांगायला हवं, पुढच्या वर्षी पातळ घ्या.
नीट विचार केला. बुधवारी इतक्या घाईने जाण्यात अर्थ नाही. मिठूचं मन हळवं झालं आहे, तिला माझी गरज आहे. आणखी आठवडा राहते. बाईंना तब्येतीचं कळवीन.
मिठूला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. बरं, म्हणाली. घासलेलंच पातेलं पुन्हा घासलं. मग पाठमोरीच म्हणाली, नाव कमी झालं तर तू घरी जाशील. तिथेही खोली आहेच तुझी. पडदेही आहेत.
इतकं लागेल असं बोलायची काय गरज होती. मी आत जाऊन पांघरूण घेऊन पडले. थोड्या वेळाने ती येऊन पायाशी बसली. म्हणाली, मी आले तेव्हा महिनाभर मोरीत नळ सोडून रडायचे. मालकीण बाई पाण्याचं बिल घेऊन वर आल्या म्हणून थांबले.
फोटोतलं हसणं नंतरचं आहे तर. मला कधी सांगितलं नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, तू सल्ला दिला असतास.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
गजर लावला नव्हता. कुणीतरी बोटांवर दोन टिचक्या मारल्या. उठले.
तिने स्वतःचंही तिकीट काढलं होतं. मालकीण बाई स्टेशनवर आल्या. यजमानही आले, काठी टेकत. त्यांनी माझ्या पायांकडे पाहून मान डोलावली. एकाच खात्यातल्या माणसाने डोलवावी तशी.
गाडीत मी खिडकीशी बसले. मधल्या बाजूला मिठू.

१८ फेब्रुवारी, बुधवार
विभागात ती पुढे, मी मागे. तिच्या कोटाचा पट्टा मी केव्हा धरला ते कळलं नाही.
समन्वयक बाईंनी दार उघडून आम्हा दोघींकडे पाहिलं. विद्यार्थिनी कोण, म्हणाल्या. मिठू बाजूला झाली. समोर कुणीच राहिलं नाही. मी हात वर केला, शाळेत करतात तसा. या सत्रातली माझी पहिली हजेरी.
दोन विषय गेले. तिसरा राहील, उद्यापासून रोज गेले तर. दर आठवड्याला समुपदेशकांना भेटायचं. मी उत्तरं तयार ठेवली होती, हवा, सरांची पद्धत, तब्येत. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी तेच लिहून घेतलं.
नंतर आईला फोन लावला. सगळं छान म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही म्हटलं. आई म्हणाली, बरं. मग भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला फक्त.

संध्याकाळ
मिठूला स्टेशनवर सोडायला गेले. म्हणजे तिने मला नेलं, कारण गुरुवारी मी टॅक्सीने गेले होते, पायी रस्ता मला ठाऊक नव्हता. तिने येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारत काढला. परत मात्र एकटीच आले. दोनदा चुकले. एकदा तर त्याच चपलांच्या दुकानापुढे पुन्हा.
उद्या नऊचं लेक्चर. सहाला उठणार असं लिहीत होते. खोडलं. आठला.
खोलीत आल्यावर पडदा सरकवला.
बाहेर बाग नाहीये. समोर भिंत आहे, आणि भिंतीत कुठल्याशा दुकानाचा एक्झॉस्ट फॅन. त्याच्या जाळीत एक पिशवी अडकली आहे. सळसळ तिचीच.
पडदा राहू दे तसाच.