भिंगरीचा ताप आणि माझा तक्ता

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार (मनाने घातला आहे, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही). तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इकडे सगळे बरे आहेत, असं आज लिहिता येतंय. मंगळवारी लिहिता आलं नसतं.

सोमवारी सूनबाई कामावर गेली (चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ना), तेव्हा नातीला, म्हणजे आपल्या भिंगरीला, कणकण होती. मी म्हटलं, निर्धास्त जा, तीन पोरं वाढवलीत मी. पण तिच्या पर्समधून पाळणाघराचा अर्ज डोकावत होता. तो मला दिसला, आणि मला दिसला हे तिला दिसलं. म्हणजे भिंगरी माझ्यापाशी राहणार की नाही, याची परीक्षाच होती म्हण ना.

परीक्षा म्हटल्यावर मी पट्टी घेऊन तक्ता आखला. (कॉन्व्हेंटातल्या मदर म्हणायच्या, समास नीट तर आयुष्य नीट. त्यांना पोरंबाळं नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.) दर अर्ध्या तासाला तापमापक. बाराला पारा एकशे दोनवर गेला. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, आत्ता काय करतेय ती? मी खरं ते सांगितलं, की पलंगावर उड्या मारतेय आणि बिस्किट मागतेय. त्या म्हणाल्या, "मग आजी, तुम्हीच जरा आडव्या व्हा. पाणी पाजत राहा, आकड्याकडे कमी बघा आणि पोरीकडे जास्त. मलूल वाटली, श्वास जोरात चालला, काही पोटात ठरेना, तर लगेच फोन करा." मला इतकी लाज वाटली, की मी फक्त लाजच लक्षात ठेवली.

मंगळवारी ताप उतरला. सूनबाई कामावर गेल्यावर उलट्या नि जुलाब सुरू झाले, पण तक्त्यात अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव! भिंगरी कोपऱ्यात गुपचूप पडून होती. मला वाटलं, किती शहाणी झाली गं. पुन्हा फोन करून हसं कशाला करून घ्यायचं?

तीनला सूनबाईचा फोन आला. उलट्या-जुलाबांचं ओझरतं सांगून मी सगळे आकडे वाचून दाखवले, अगदी बक्षीस मिळाल्यासारखे. तिने एकच विचारलं, "आई, तिने शू कधी केली?"

ताई, माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. आठवून पाहिलं, तर सकाळी सातला. ओठ सुकलेले, रडली तर डोळ्यांत पाणी नाही. तशीच उचलली, पायात एक चप्पल माझी आणि एक चिरंजीवांची, आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. ओआरएसचं पाणी चमच्याचमच्याने, दर दोन मिनिटांनी, मीच पाजत बसले. सूनबाई धावत आली आणि शेजारी बसली. तासाभराने माझी मांडी गरम आणि ओलीचिंब झाली, आणि आम्ही दोघी सासू-सुना एकदम टाळ्या वाजवायला लागलो. बाकीच्या आया बघतच राहिल्या.

तुझी,
धाकटी

ता. क. : सूनबाई तुझा शब्द मोडत नाही. मी तिन्ही पोरं एकटीने वाढवली, असं तिला फोन करून सांगशील का?

ता. क. २ : नको सांगूस. आज सकाळी मीच खरं सांगून टाकलं. पोरांची आजारपणं आईने आणि तू काढलीस, मी नुसती घमेलं धरून रडायचे. शिवाय लाजेपायी फोन केला नाही, हेही कबूल केलं. तिने बराच वेळ चहा ढवळला. मग म्हणाली, "सोमवारपासून भिंगरी तुमच्याकडेच. पण शंका आली की विचारायचं, वेडगळ वाटली तरी." तेव्हा ताई, रोज अकराला मी तुला विचारत जाईन. हस खुशाल, पण फोन उचल.